दुपारी उतरणारी बॅटरी

"ताई, काहीही कर, पण बॅटरीची तार काढू नको. गाडीचा टेप मग कोड मागतो, तो घातल्याशिवाय वाजत नाही," अकोल्याहून आणलेली आपली जुनी गाडी देताना शेखरने बहिणीला बजावलं होतं. प्राजक्ताने ऐकल्यासारखी मान हलवली. "मला गाडी चालवायची आहे रे, उघडायची नाही," ती म्हणाली आणि कडेवरच्या निधीची टोपी सरळ करायला लागली. कडेवर दहा महिन्यांचं लेकरू असलेल्या बाईला टेपची काय पडलेली असणार? तिला गाडी हवी होती ती एकाच कामासाठी. निधीला ताप चढला, तर किल्ली फिरवली की निघता आलं पाहिजे.

म्हणून ती रोज सकाळ-संध्याकाळ गाडी सुरू करून बघायची. गॅस बंद आहे का, दाराला कडी लागली का, निधीचा श्वास नीट चालू आहे का, त्याच यादीत गाडीही होती. मे महिना लागला आणि तिच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. गाडी सकाळी ठणठणीत असायची आणि संध्याकाळी मलूल. किल्ली फिरवली की नुसतं टक, टक. मग नितेश, म्हणजे तिचा नवरा, शेजारच्यांना गोळा करून धक्का मारायला लावायचा आणि वलगावपर्यंत चक्कर मारून बॅटरी भरून आणायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा टक, टक.

"टेपच आहे," नितेश कुजबुजला. निधी झोपलेली असली की त्या घरात सगळे कुजबुजतच बोलत. तो कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा आणि बाकी सगळं फोनवरच्या व्हिडिओंतून शिकायचा. "गाडी बंद असली तरी कंपनीचा टेप आतून जागा असतो. थोडी थोडी बॅटरी पिऊन राहतो."

"मग रात्री का पीत नाही?" प्राजक्ताने विचारलं.

"उन्हानं तहान लागत असन," मैनाबाई, तिच्या सासूबाई, चवळीच्या शेंगा मोडता मोडता म्हणाल्या.

प्राजक्ताला मात्र हसू येईना. तिला आणखी काही दिसलं होतं. किल्ली फिरवली की टेप एकदम मोठ्याने ओरडायचा, आणि आवाज तर ती रोज कमी करून ठेवायची. ड्रायव्हरची सीट मागे सरकलेली असायची. आणि गाडीत एक थंड, ओल्या मातीसारखा वास यायचा. अमरावतीच्या मे महिन्यात गाडीत भाजल्याचा वास यावा, ओल्या मातीचा कुठून?

शनिवारी नितेशने प्रयोग केला. दुपार व्हायच्या आत पाना घेऊन त्याने बॅटरीची तार काढून ठेवली. प्राजक्ताला शेखरचं बोलणं आठवलं, पण एका दिवसाने काय होतं, असं म्हणून तिनेच पाना हातात दिला. संध्याकाळी तार जोडली, किल्ली फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

"झालं सिद्ध," नितेश म्हणाला. "चोर टेपच."

चोराने आपल्या कपाळावर तेवढ्यात चार इंग्रजी अक्षरं लावली होती. कोड.

नितेशने निधीची जन्मतारीख घातली. मग लग्नाची तारीख घातली, ती प्राजक्ताने दुरुस्त करून दिली. मग गावाचा पिनकोड घालून पाहिला. टेपने थांबा म्हटलं. व्हिडिओवाल्याचं म्हणणं होतं की आता तासभर थांबायचं, पण किल्ली चालू ठेवूनच. दोघं गाडीत बसून राहिले. तास भरत आला आणि बॅटरी उतरली. दुसऱ्या दिवशी बॅटरी भरून आणून जोडली, तर टेपने तोच तास पहिल्यापासून मोजायला घेतला.

"मुळापासूनच काढून टाकतो याले," नितेश वैतागून म्हणाला. "टेप नाही तर भानगड नाही."

"काहून?" ओसरीतून सासऱ्यांचा आवाज आला. किसनराव सहसा कोणत्याच वस्तूच्या भानगडीत पडत नसत. वलगावचं वावर बटईने देऊन ते मुलाकडे राहायला आले होते, कानाने थोडे कमी ऐकायचे, आणि घरात असूनही नसल्यासारखे वावरायचे. आज मात्र ते उठून थेट गाडीपाशी आले. "चांगली वस्तू फेकाले काय झालं? दुरुस्त होत असन नं?"

"बाबा, हळू. निधी झोपली आहे," प्राजक्ता म्हणाली.

"हौ," किसनराव तितक्याच मोठ्याने म्हणाले आणि मग तोंडावर हात ठेवला.

शेखरला फोन लावला. "कोड मले कुठं आठवते आता, ताई? टेप बाहेर काढा. बाजूले नंबर असतो, तो शोरूमवाल्याले सांगा, तो कोड देते," तो म्हणाला. "आणि मी काय सांगतलं होतं?"

प्राजक्ताने रेंज जात असल्याचं सांगून फोन ठेवला.

टेप बाहेर काढायला दोन बाजूंच्या भोकांत तारा घालाव्या लागतात. तारा आणल्या किसनरावांनी, सायकलच्या चाकातल्या आऱ्या, टोकं घासून गुळगुळीत केलेल्या. सासऱ्यांना टेपची एवढी काळजी कशी, हा प्रश्न प्राजक्ताने मनात दुमडून ठेवला. नितेशने आऱ्या घातल्या, ओढलं, आणि टेपबरोबर एक पिवळसर गवताचा गुंता बाहेर आला. टेपच्या पाठीवर गंजही चढला होता.

"उंदराचं घर," नितेश म्हणाला.

ज्या गाडीत निधी बसते, तिथे उंदीर. तो वायर कुरतडणार, निधीच्या खेळण्यांवरून फिरणार. प्राजक्ताने सीट धुवायची, डांबराच्या गोळ्या आणायच्या, निधीला डॉक्टरांकडे न्यायचं, एवढं सगळं एका दमात कुजबुजत ठरवलं.

मैनाबाईंनी गवताची काडी उचलली, नाकाशी धरली. "वाळा हाय हा. आणि ओला. उंदीर वाळा भिजवून आणत नाई, बाई." मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "कूलरची वाळ्याची ताटी मागून पातळ काहून होऊन राह्यली, मी म्हनलंच."

किसनराव आऱ्यांची टोकं तपासत होते.

"बाबा?" नितेश म्हणाला.

"टेपच्या वरच्या त्या जाळीतून पंख्याची गरम हवा येते," शेवटी किसनराव म्हणाले. "वाळा भिजवून खोसला की गारेगार. कूलर कसा असते, तसाच. पानी थोडं गळते खाली, तं गळते."

"खाली टेप आहे बाबा. आणि पंखा बॅटरीवर चालतो."

"काचा उघड्या ठेवतो नं मी. कडुनिंबाखाली असते गाडी."

"पण गाडीत बसता कशाला?" प्राजक्ताने विचारलं. आता तिला तेवढंच कळत नव्हतं.

किसनरावांनी घराकडे बोट केलं. "दुपारी पोट्टी झोपते. भाजीचा नि तुरीचा भाव तेवढ्या वक्ती लागते रेडिओवर. मले हळू लावलेलं ऐकू येत नाई. मोठ्यानं लावलं, तं तुया जीव खालीवर होते. गाडीत कोनाचंच काई नाई."

प्राजक्ताने टेप हातात घेतला, चुन्नीने त्याची पाठ पुसली आणि नंबर फोनवर शोरूमवाल्याला वाचून दाखवला. कोड मिळाला. नितेशने टेप वाळवून, तारा जोडून आत ढकलला, आकडे घातले, किसनरावांनी सवयीने आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं, आणि तुरीचा भाव गल्लीभर झाला.

सगळे घराकडे बघत थिजले. प्राजक्ता धावली. निधी पाळण्यात हात पसरून झोपली होती. भाव हरभऱ्यावर गेला, सोयाबीनवर गेला, तिने पापणीही हलवली नाही.

सोमवारपासून किसनरावांचा रेडिओ बैठकीत लागायला लागला, मोठ्याने. निधी पहिल्यापेक्षा जास्त वेळ झोपायला लागली, आणि कुजबुजणं घरातून आपोआप गेलं. कूलरला नवी ताटी आली. गाडी सकाळ-संध्याकाळ पहिल्या झटक्यात सुरू होत राहिली.

पंधरवड्याने एका संध्याकाळी नितेशने किल्ली फिरवली. टक, टक.

"बाबा, परत?"

"मी तं घरातच हावो बापा. विचार तुया मायले."

"घरातच होते," मैनाबाई म्हणाल्या. "सून कुठं हाय, ते पाय. मघापासून पोट्टी माह्यापाशीच हाय."

नितेशने वाकून मागच्या सीटवर पाहिलं. चारही काचा खाली होत्या. जाळीत वाळ्याचा ओला गुच्छ, थेंब पडू नयेत म्हणून त्याखाली निधीचं लाळेरं बांधलेलं. बॅटरी उतरल्यामुळे टेप मुका झाला होता, पंखाही थांबला होता. मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन प्राजक्ता झोपली होती. इतकी गाढ, की निधी झाल्यापासून तिला असं झोपलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

तुमच्याही घरात लहान बाळ असेल, आणि दुपारी बाळ दिसतं पण त्याची आई दिसत नसेल, तर एकदा अंगणात जाऊन गाडीत डोकावून बघा. उठवू नका. काच खाली आहे ना आणि श्वास नीट चालू आहे ना, तेवढं मात्र बघून या.