पियानो वाहून गेला

धाकट्याने ठरवलं होतं एवढंच, की रेकॉर्ड परत देण्याआधी जरा पुसून द्यावी.

दादाला जाऊन एकोणीस दिवस झाले होते. दादा घड्याळं दुरुस्त करायचा आणि घरी पियानोच्या रेकॉर्डी ऐकायचा. घरातली सगळी सबुरी त्याच्याच वाट्याला गेली होती. धाकट्याच्या वाट्याला पाना आणि पक्कड आली. तो प्लंबर होता. (शाळेत सातवीपर्यंत गेला, तेही शाळा रस्त्यात लागायची म्हणून.) दादाची सगळ्यांत लाडकी रेकॉर्ड वहिनीने त्याला आठ दिवसांसाठी दिली होती. कव्हरवर 'कॉन्चेर्टो' लिहिलेलं आणि खाली हा एवढा थोरला पियानो. संध्याकाळी कामावरून येताना दादाच्या दारातच तो पियानो ऐकू यायचा. आठ दिवसांत धाकट्याला ती लावायचा धीर झाला नव्हता, आणि आज पाच वाजता वहिनी न्यायला येणार होती.

पुसायला म्हणून काढली आणि चहाचा कप लवंडला तिच्यावर.

त्याने ती नळाखाली धरली, भांड्यांच्या साबणाने घासली, अंगातल्या शर्टाने कोरडी केली. मग खात्री करायला लावली. व्हायोलिनं वाजली. बासऱ्या वाजल्या. नगाऱ्यासारखं काहीतरी घुमलं. पियानो नाही.

साठ आकडे मोजून त्याने सुई उचलली. परत लावली, परत तेच. त्याने रेकॉर्ड पुन्हा धुतली, या वेळी बिनसाबणाची. (निघालेलं साबणाने निघालं, तर नुसत्या पाण्याने परत बसेल, असा हिशेब.) तरी पियानो नाही. मग त्याला वाटलं, स्पीकर दोन आहेत, म्हणजे एका लाइनीतून व्हायोलिनं येत असणार आणि दुसरीतून पियानो. दुसरी चोक झाली. त्याने स्पीकर उघडला. आत कागदाचा भोंगा होता. होता म्हणजे, स्क्रू ड्रायव्हर आरपार जाईपर्यंत.

साडेचारला त्याने रेकॉर्डच्या दुकानात फोन लावला.

"रेकॉर्डमधून एखादं वाद्य जाऊ शकतं का हो?"

"कुठे?"

"मोरीत."

"कोणतं वाद्य?"

"पियानो. बाकीची मंडळी आहेत."

"घरात मोठं कोणी आहे का?" दुकानदाराने हळूच विचारलं. धाकट्याने फोन ठेवला. मोठं कोणी नव्हतं, तीच तर गोष्ट होती.

वहिनी रागावेल याची त्याला भीती नव्हती. एकोणीस दिवसांत ती कोणावरच रागावली नव्हती, याची होती. दादाचे कपडे देऊन झाले, त्याचं घड्याळांचं दुकान बंद झालं. उरला होता तो एवढा पियानो, आणि तो याने साबण लावून घालवला.

पाचला वहिनी आली. तिने वर्तमानपत्रावर पसरलेला स्पीकर पाहिला.

"वहिनी, काय बोलायचं ते बोला. दादाचा पियानो मी धुऊन टाकला." आणि त्याने सगळं सांगितलं.

"किती वेळ ऐकलंत, भावोजी?"

"मोजून साठ. तीनदा."

वहिनीने रेकॉर्ड लावली आणि स्टुलावर बसली. उरलेल्या एका स्पीकरमधून व्हायोलिनं निघाली. साठ झाले.

"बघा," तो म्हणाला.

"गप बसा."

शंभर. दीडशे. त्याचा शर्ट पाठीला चिकटला. एवढ्या वेळात त्याने गळती शोधायला दोन भिंती फोडल्या असत्या. दोनशे. व्हायोलिनं हळू झाली, थांबली. आणि उशिरा आलेल्या माणसाने दार न वाजवता आत यावं, तसा पियानो आला.

धाकटा होता तिथेच जमिनीवर बसला. वहिनी हसली. हसता हसता तिने डोळे पुसले, आणि मग बराच वेळ ते दोघेही डोळेच पुसत बसले.

"आधी सगळा ऑर्केस्ट्रा बोलून घेतो," ती म्हणाली. "पियानो तोवर थांबतो. तुमचे दादा म्हणायचे, आपलं लग्न ठरवताना मी असाच बसलो होतो."

बाजू संपल्यावर तिने रेकॉर्ड कव्हरात घातली आणि त्याच्याच हातात दिली. "पूर्ण ऐकून झाली की आणून द्या."

याला आता सात महिने होत आले. दर रविवारी दुपारी धाकटा रेकॉर्ड लावतो, पाय पसरतो आणि शहाण्यासारखा पियानोची वाट बघतो. वाट बघता बघता त्याचा डोळा लागतो. पियानो येऊन जातो, असं शेजारचे सांगतात. (घोरण्यामुळे त्यांनाही तो नीट ऐकू येत नाही.)