सासूबाईंचा संगणक जागा केल्याची हकीकत

ज्यांस पराक्रमाची चाड आहे आणि ऐकावयास सवड आहे, त्यांणी चित्त देऊन श्रवण करावे. सासूबाईंचे घरी, मागील खोलीत, खिडकीखालचे मेजावर एक संगणक ठाणे धरून होता. एके काळी कळ दाबिताच तो जागा होई, परंतु अलीकडे त्यास ऐसी सुस्ती चढली की, सासूबाईंनी कळ दाबावी, मग चहा ठेवावा, मग तो प्यावा, मग कप विसळावा, आणि परत येऊन पाहावे तो पडद्यावर तेच ठिपके वाटोळे फेर धरून गरगरत आहेत. त्यास जागे कैसे केले, आणि ते कामी जावईबापूंनी कोण शर्थ केली, तो मजकूर येथे लिहिला असे.

सासूबाई मोठ्या जरबेच्या. सारी उमर इस्पितळात लोकांचे आखडलेले सांधे सोडविण्याची चाकरी केली, आणि निवृत्त होऊन दर सकाळी संगणकावरून मैत्रिणींचा व्यायामवर्ग चालविला. मैत्रिणी आपापले घरी खुर्ची टाकून सज्ज होत, परंतु खासा सेनापतीच दर्शन देईना, मग एक स्वयंपाकास जाई, दुसरी फोनवर बोलत बसे, आणि फौज उधळे. हे हेरून समोरील शेजारणीने, जिजपाशी नवा लॅपटॉप होता, मधाळ संदेश पाठविला की, "तुम्हाला त्रास होत असेल तर उद्यापासून वर्ग मीच घेते. तुम्ही आरामात बघत बसा." 'आरामात' हा शब्द वाचोन सासूबाईंचे मुद्रेवर जे उमटले, ते पाहोन कन्येने तात्काळ आपले यजमानांस पाचारण केले.

हे यजमान तेच जावईबापू. एका कचेरीत खरेदीखात्यावर तैनात, परंतु संगणकाचे कामी आपणांस मोठे जाणते समजत, आणि आप्तांपैकी कोणाचे यंत्र कुरकुरले की न बोलाविता चालून जात. कुटुंबाने दारातच ताकीद दिली, "फक्त बघ. नवीन काही टाकू नकोस त्यात." ती जिव्हारी लागली, तरी वरकरणी मान डोलावून, स्क्रू-ड्रायव्हर खिशात खोवून, दुपारी ते मागील खोलीत दाखल जाहले.

प्रथम मसलत ऐसी ठरली की, दोष धुळीचा. मग मेजाखाली शिरून पेटीचा पत्रा उघडिला आणि आत फुंकर घातली, तेव्हा आतील धुळीने उलट हल्ला केला आणि जावईबापू शिंकांनी जर्जर जाहले. तैसेच नेट धरून पत्रा बसविला, कळ दाबिली, तो पडदा काळाठिक्कर. जो संगणक उशिरा का होईना उठत होता, तो आपले हातून कायमचा निजला, आता उद्या शेजारीण वर्ग घेणार, आणि आपण या घरी कोणते तोंडाने जेवावयास यावे, ऐसे नाना विचार मनी आले. इतक्यात सासूबाई दारातून शांतपणे वदल्या, "ती निळ्या टोकाची वायर खाली लोंबतेय. ती लावायची असते का?"

"तीच लावत होतो, आई," ऐसे उत्तर करून त्यांणी वायर जागी खोचली आणि अब्रू राखिली.

पडदा उजळला, परंतु सुस्ती जैसी होती तैसीच. मग दुसरी मसलत केली की, संगणक उठताच त्याजबरोबर आणखी कोण कोण उठते, याची झडती घ्यावी. पाहतात तो दरवाजात बेसुमार दाटी. एक प्रोग्रॅम विषाणूंवर पहारा करणारा, दुसराही तोच पहारा करणारा, आणि दोघे परस्परांस चोर समजोन रोज सकाळी एकमेकांची अंगझडती घेत होते. आणखी एक कचरा झाडणारा, एक झाडण्याची आठवण देणारा, एक हवामान सांगणारा, एक पडद्यावर मासे पोहविणारा, आणि एक संगणकाचा वेग वाढविणारा, तो सर्वांत सावकाश उठे.

जावईबापूंस संताप आला की, हा गनीम आत घुसविला कोणी. मग एकेकाची मुद्रा निरखिली, आणि हळूहळू ओळख पटू लागली. मासे त्यांणीच आणिले होते, सासूबाईंस करमणूक म्हणोन. दोन्ही पहारेकरी त्यांचेच, एक गेल्या खेपेचा, एक त्यामागील. जितके वेळा ते हा मुलूख जिंकोन गेले, तितके वेळा एकेक चौकी मागे ठेवोन गेले, आणि त्याच चौक्यांनी आता वाट अडविली होती.

जावईबापूंनी वळून पाहिले, तो दारात कोणी नव्हते. मग घाईने आपलेच फौजेस बरतर्फ करावयास आरंभ केला. एक पहारेकरी कायम ठेविला, बाकीच्यांस निरोप दिला. हरएक जण निघते समयी "खरंच काढायचं का?" ऐसे पुसे, आणि जावईबापू मन घट्ट करून होकार देत. माशांपाशी हात थबकला, परंतु मोहिमेत ममता कामाची नाही, ऐसे जाणोन तेही बुडविले.

मग फिरोन कळ दाबिली. सासूबाई सवयीने चहाकडे वळतात न वळतात, तो पडदा लख्ख तयार.

"काय झालं होतं?" सासूबाईंनी पुसिले.

"बरंच काही साचलं होतं, आई. साफ केलं सगळं."

"मासे पण?"

जावईबापूंनी फरशीकडे पाहिले. "मासे पण."

"सुटले बिचारे," ऐसे बोलोन त्या मेजापाशी बसल्या, आणि संगणकाचा पासवर्ड बदलिला, आणि नवा कोणता, ते जावईबापूंस सांगितले नाही. येणेप्रमाणे तह जाहला. कलम एकच की, येथून पुढे या मुलखात सासूबाईंचे परवानगीवाचून कोणी काही टाकू नये.

दुसरे दिवशी वर्ग वेळेवर भरला, आणि शेजारीणही एका चौकटीत मुकाट येऊन बसली. सासूबाईंनी सर्वांस कळविले की, "जावयांनी दुरुस्त करून दिला," आणि त्याउपर चकार शब्द काढिला नाही. तो त्यांचा मोठेपणा जावईबापूंस पुरता कळला, आणि खातरजमा करावयास आलेले ते दारातच उभे राहिले. मग त्यांसही खुर्ची देऊन पडद्यासमोर बसविले, आणि हुकूम सुटला, "दोन्ही हात वर." विजयी वीराने सर्वांसमक्ष दोन्ही हात वर केले.

ऐसी ही मोहीम फत्ते जाहली, सबब नोंद करून ठेविली असे. कोणी हितशत्रू तो प्रसंग शरणागतीचा म्हणतील, परंतु तो खांद्याचा व्यायाम होता, हे सुज्ञांनी ध्यानी घ्यावे.