परळच्या गॅलरीतले गुडघे

"यंदा गौरीपुढची बसफुगडी मीच घालणार!" अनुजाने चाळीच्या गॅलरीत जाहीर केलं.

ती फुगडी तिच्या आईची. उकिडवं बसून, एकेक पाय पुढे फेकत, भिंगरीसारखं उडत राहायचं! आई गेल्यावर मागच्या गणपतीत त्या जागी कुणी बसलंच नव्हतं. ती जागा पुन्हा रिकामी राहणं अनुजाला मान्य नव्हतं.

अडचण गुडघ्याची. जरा उकिडवं बसलं की वाटीमागे कुणीतरी मिरच्या वाटतंय!

फिजिओथेरपिस्ट दीपिकाने तपासून सांगितलं, "मांडीचे आणि कमरेचे व्यायाम हा खरा उपाय. टेप किंवा शेक घेतलात तर सुरुवातीला दुखणं हलकं वाटेल. आजच सुरू करा."

"तुलना न करता?"

हिंदमाताची सगळी दुकानं पालथी घातल्याशिवाय अनुजा हातरुमालही घेत नसे. हा तर गुडघा होता! आणि गॅलरीत तशाच दुखण्याचे, दीपिकानेच तपासलेले गुडघे आयते हजर होते. अनुजाने फर्मान काढलं: वैशालीवहिनींना फक्त टेप, मेघनाला फक्त व्यायाम, कमलकाकूंना फक्त शेक.

"जो उपाय जिंकेल, तो मी घेणार!"

"आणि तोवर तू काय करणार?" मेघनाने विचारलं.

"निरीक्षण!"

गणपती आले. वहिनी जिने धावत चढू लागल्या. मेघना मांडी घालून मोदक वळू लागली. काकू तर मोरीत उकिडव्या बसून पातेली घासत होत्या! सगळ्या सारख्याच बऱ्या. अनुजाला शंका आली.

"वहिनी, खरं सांगा. नुसती टेपच ना?"

"हो! टेप, आणि सकाळी मेघनाबरोबर व्यायाम. ती बिचारी एकटी वाकते, बरं दिसतं का? काकूंनाही ओढलं!"

"मेघना!"

"अगं, काकूंनी शेकाची पिशवी दिली. रिकामी कशी परत करणार? वहिनींची टेप घालून पाठवली!"

"मगे?" काकू कडाडल्या. "तुझ्या आयशीन कधी वाटी रिकामी धाडल्यान नाय!"



गौरीपूजनाच्या संध्याकाळी अनुजा पदर खोचून ऐटीत बसली. पहिली उडी झोकात गेली. दुसरी गेलीच नाही!

"ऊठ गो!"

"उठतेय!"

पण गुडघा ऐकेना. शेवटी तिघींनी तिला गौरीच्या मुखवट्याइतकं जपून उचललं आणि खुर्चीत ठेवलं. मग काकूंनी स्वतःच तिच्या आईची जागा घेतली आणि अशी गरगरली बाई की समया विझायच्या राहिल्या! खुर्चीतून अनुजा आईची गाणी खणखणीत म्हणत होती.

प्रयोग फसला असं मात्र ती आजही मानत नाही. काहीच उपाय न केलेल्या गुडघ्याचं काय होतं, हे तिने अख्ख्या चाळीसमोर सिद्ध करून दाखवलं!