स्वीडनची कवायत

देवमन गवई आरशासमोर उभा राहून भांग डावीकडे पाडावा की उजवीकडे या विवंचनेत होता, तेव्हा राजापेठेतल्या त्याच्या दारासमोर टांगा थांबला आणि टांग्यातून त्याचे स्वीडनमधले सगळे उद्योग खाली उतरले. उद्योगांचे नाव निल्स. उंची दाराच्या चौकटीला टेकेल एवढी, पाठीवर पिशवी, नाक उन्हाने लाल. "देवमन!" अशी आरोळी ठोकून त्याने देवमनला मिठी मारली आणि मोठ्या मुश्किलीने चापून बसवलेले केस पार विस्कटून टाकले.

चूक देवमनचीच होती. विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीत त्याचा नंबर लागला आणि दूधदुभत्याचे शिक्षण घ्यायला तो वर्षभर स्वीडनच्या उत्तर टोकाला राहून आला. निघताना आपल्या रीतीप्रमाणे भेटेल त्याला "आमच्या घरी या बरं का" म्हणत सुटला. आपल्याकडे हे वाक्य ऐकून कोणी सामान बांधायला घेत नाही. निल्सने बांधले.

एरवी देवमनला आनंदच झाला असता. पण आज दुपारी त्याला अकोल्याला मुलगी पाहायला जायचे होते. मुलगी म्हणजे मैना तायडे. वैशाख पौर्णिमेच्या सभेत तिने केलेले भाषण देवमनने पहिल्या रांगेत बसून ऐकले होते. म्हणजे ऐकले नव्हते, नुसते पाहिले होते. तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हते. ही मुलगी मिळाली नाही तर जन्मभर डेअरीतल्या म्हशींकडे बघत दिवस काढायचे, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते.

अडचण मैनेच्या वडिलांची होती. खुशालराव तायडे पोलिसातून जमादार म्हणून निवृत्त झाले होते, पण ते पोलिसांना कळले होते, खुशालरावांना नव्हते. स्थळ सांगून आले तेव्हा त्यांनी ते दारातूनच परतवून लावले. "परदेशात जाऊन आलेला पोट्टा मले नोको. तिकडं रातभर पोरीसंग नाचतात म्हने." तिथेच सगळे आटोपले असते. पण देवमनची आई इंदूबाई मदतीला धावली.

देवमन निघाला त्या दिवशी इंदूबाईने त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता आणि शपथ घातली होती, "दिवे लागाच्या आत खोलीत येत जाजो. एक दिवस चुकला तर मले मेलेली पाहशीन." जगातली सगळी वाईट कामे दिवे लागल्यावर होतात यावर तिचा ठाम विश्वास होता. पोरगा परत आल्याबरोबर तिने विचारले, त्याने तिच्या डोळ्यांत बघून सांगितले की एक दिवसही चुकलो नाही. आता स्थळ परत आल्याबरोबर तिने राजापेठेतल्या घराघरात ही बातमी पोचवली. बातमी अकोल्याला गेली आणि जमादार विरघळले.

देवमन खोटे बोलला नव्हता. हिवाळ्यात तिथे जेवणाची सुटी संपते न संपते तोच दिवे लागतात. देवमन शपथेला जागून भरवर्गातून उठे आणि खोलीत जाऊन बसे. मास्तरांना वाटले, पोराला काही दुखणे आहे, म्हणून त्यांनी डॉक्टर धाडला. डॉक्टरला दुखणे सापडेना, तेव्हा त्याने माशाच्या तेलाची बाटली दिली. अख्खा हिवाळा देवमनने माशाचे तेल पिऊन आईचा शब्द पाळला. मग उन्हाळा आला आणि सूर्य मावळेचना! आईच्या शपथेत दिव्यांचे नाव होते, घड्याळाचे नव्हते. आणि दिवे तर लागतच नव्हते. देवमनने हिवाळ्याची सगळी कसर भरून काढली. तळ्याकाठी अकॉर्डियन वाजे, पोरेपोरी फेर धरत, आणि देवमन सगळ्यांच्या आधी हजर होऊन सकाळच्या दुधाच्या गाडीबरोबर, लख्ख उन्हात खोलीवर परते. शपथ जागच्या जागी शाबूत होती. पण हा बारकावा एका जमादाराला समजावून सांगायची त्याची छाती नव्हती.

आणि त्या सगळ्याचा साक्षीदार आता इंदूबाईच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून भाकरी खात होता.

"माय, याले आज घरीच राहू दे. थकला असंन," देवमन म्हणाला.

"बाप्पा! पाव्हन्याले एकट्याले घरी ठिवून जातात काय? लोक काय म्हनतीन?"

वडील पुंजाजींचे मत याहून पुढचे होते. "नेऊ ना त्याले. गोरा मानूस संग असला का वजन पडते."

बडनेऱ्याला गाडी बदलल्यावर देवमनने निल्सला कोपऱ्यात घेतले. दोघे इंग्रजीत बोलत. "हे बघ, मुलीचे वडील कडक आहेत. तिथे नाचाचा विषय काढू नको."

"का?" निल्सचे निळे डोळे मोठे झाले. "तुझ्यात सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे."

"तरी काढू नको. माझ्याबद्दल फक्त चांगले बोल."

"फक्त चांगलेच बोलेन," निल्सने छातीवर हात ठेवून वचन दिले, आणि या वचनातली मेख देवमनच्या लक्षात यायला अकोला यावे लागले.

जमादारांच्या ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती. इंदूबाई आत बायकांत गेली, पुंजाजींना लोड मिळाला, देवमनला समोरची जागा, आणि निल्सला घरातली एकुलती एक खुर्ची. चिवडा आला, पाणी आले. मैना आतच होती. जमादारांनी मिशीवरून हात फिरवला आणि मुलाला सोडून थेट पाहुण्याकडे मोर्चा वळवला.

"पोराचं त्याचे मायबाप चांगलंच सांगतीन," ते म्हणाले. "हा परका मानूस. याची साक्ष खरी. इचारा त्याले, पोट्टा तिकडं कसा राहे?"

देवमनने घाम पुसून विचारले. निल्स खूश झाला. "देवमन? फार आवडता होता सगळ्यांचा! नाचाला सगळ्यांच्या आधी यायचा आणि सगळ्यांच्या नंतर जायचा."

"तो म्हनते," देवमन म्हणाला, "का मी वर्गात सगळ्याच्या आधी येत जाव अन् सगळ्याच्या मागून जात जाव."

"शाब्बास!" जमादार म्हणाले. पुंजाजींनी लोडावर हात आपटला.

आपले बोलणे यजमानांना आवडले हे पाहून निल्सला चेव चढला. "आणि आमचा उन्हाळ्याचा सण! मधे उंच खांब उभा करतात, फुलापानांनी सजवतात. त्याच्याभोवती बेडकासारख्या उड्या मारायच्या. देवमनसारख्या उड्या आमच्यातसुद्धा कोणी मारत नव्हते." असे नुसते सांगून त्याचे समाधान होईना. तो खुर्चीवरून उठला, उकिडवा बसला आणि जमादारांच्या ओसरीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उड्या मारत गेला. चिवड्याची बशी थोडक्यात वाचली.

"हे काय करून राहिला हा?" जमादारांचा आवाज बदलला.

"कवायत," देवमनच्या तोंडून निघून गेले. "तिकडच्या कॉलेजात कवायत घेतात. सक्तीची."

कवायत म्हटल्याबरोबर जमादारांचे डोळे चमकले. उभा जन्म त्यांनी परेडीत घालवला होता. "अस्सं! मंग तुमीबी दाखवा पाहू."

देवमनने वडिलांकडे पाहिले. वडिलांनी नजरेने दटावले की सासरा होणारा माणूस आहे, दाखव. देवमन धोतराचा सोगा खोचून उकिडवा बसला आणि निल्सच्या मागोमाग उड्या मारू लागला. जमादार टाळीवर ताल देत होते. "पाठ सरळ! मान वर! हां!" आतल्या दाराचा पडदा हलल्यासारखा देवमनला वाटला आणि त्याला भुईने पोटात घ्यावे असे झाले. तो भुईवर बसलेला होताच, पण भुई काही घेत नव्हती.

एवढ्यावर निभावले असते. पण निल्सला आता गाण्याची चाल आठवली. तो उभा राहिला, त्याने एक हात हवेतल्या कोणाच्या तरी कमरेभोवती टाकला, दुसऱ्याने तिचा हात धरला, आणि गुणगुणत ओसरीभर गिरक्या घेऊ लागला.

"अन् ही कोनती कवायत?"

"ही..." देवमनला दम लागला होता, त्यामुळे विचार करायला थोडी सवड मिळाली. "ही जखमी मानसाले उचलून न्याची."

जमादार बराच वेळ बघत राहिले. निल्स डोळे मिटून, गालात हसत, जखमीला घेऊन गोल गोल फिरत होता.

"मी लढाईतले जखमी पाह्यले नाईत, पन दंग्यातले भल्ले उचलले," जमादार सावकाश म्हणाले. "एकाले पन असं हासत नेलं नाई. अन् दवाखाना समोर असते. हा तिथल्या तिथंच काहून फिरून राहिला?"

पुंजाजी चिवड्यातले शेंगदाणे वेचू लागले.

"पुंजाजीभाऊ, राग नोका मानू. पाव्हना येवढा बोलते अन् तुमचा पोरगा येवढुसंच सांगते. माह्या कायद्यात साक्ष दोनदा तपासतात." मग त्यांनी आत तोंड करून हाक मारली, "मैना! बाहीर ये. हा काय म्हनते ते तू सांग."

देवमनला कळेना, मैना काय सांगणार? मुलगी शाळेत शिकवते एवढे त्याला ठाऊक होते. काय शिकवते हे त्याने विचारलेच नव्हते. मैना चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, ट्रे खाली ठेवला, पदर सारखा केला आणि निल्सला स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "नमस्कार. तुम्ही मघापासून जे सांगत होता ते मी आतून ऐकले. फार मजेशीर होते."

सगळे म्हणजे सगळे तिने ऐकले होते: खरे इंग्रजीत, खोटे मराठीत, आणि मधल्या उड्या डोळ्यांनी. संपले, तो मनाशी म्हणाला. म्हशी.

"एकच विचारते," मैना निल्सला म्हणाली. "हे नाच चालायचे तेव्हा बाहेर अंधार असायचा का?"

"अंधार?" निल्स हसला. "उन्हाळ्यात आमच्याकडे सूर्य मावळतच नाही. सगळे उजेडात."

मैनेने मान हलवली. भूगोलाच्या पुस्तकातली ओळ आठवून ती मनाशी ताडून पाहावी तशी क्षणभर थांबली. मग वडिलांकडे वळली. देवमनने डोळे मिटून घेतले.

"बाबा, पाव्हने म्हनतात, देवमन अंधार पडल्यावर कधीच खोलीच्या बाहीर दिसले नाईत. जे काय करत, ते सुर्व्याच्या उजेडात, चार लोकाइच्या समोर करत."

"अन् ते जखमी?"

"तिकडं मोठे तालेवार लोक पन तसेच नेतात. त्याइची रीत आहे."

जमादारांचा चेहरा उजळला. "बस! मले दुसरं काई इचाराचं नाई." खूश होऊन त्यांनी आजवर अकोल्यात कोणी दिली नसेल अशी परवानगी दिली. "मैना, पाव्हन्याले मांगचा बगीचा दाखव. देवमनराव, तुमीबी जा. असा पोट्टा असला तर मले काई भेव नाई."

बगीचा म्हणजे दोन पपया आणि एक शेवगा. निल्स पपईच्या झाडाखाली उभा राहून वर बघत राहिला. त्याला मराठी येत नव्हते हे किती बरे होते, हे देवमनला आज पहिल्यांदा कळले.

"तुमी मले वाचवलं," तो म्हणाला. "काहून?"

मैना शेवग्याला टेकून उभी राहिली. "मी आज तुमाले नाई म्हननार होती. पक्कं ठरवलं होतं."

"मी नाचलो म्हनून?"

"ते तर आज समजलं. त्याच्या आधीच ठरवलं होतं." तिने एकदा ओसरीकडे पाहिले. "दिवे लागले का खोलीत जाऊन बसनारा म्हनून तुमची कीर्ती आली आमच्या घरी. बाबा नाचून राहिले अन् मी रडून राहिली. लहानपनापासून दिवे लागले का मी घरात. मैत्रिनीच्या लग्नात जेवन सोडून घरात. शाळेच्या गॅदरिंगले पोरीइले नाटक मी शिकवते, अन् पडदा उघडाच्या आत मी घरात. मले वाटलं, आता हे एक घर सोडून दुसऱ्या तशाच घरात जाऊन बसाचं."

देवमनला एकदम तिच्यासाठी वाईट वाटले, आणि त्याच दमात आनंदही झाला. आपली सगळी अब्रू ज्या गोष्टीवर उभी केली, तीच गोष्ट आपल्याला बुडवणार होती. आणि जी लपवताना ओसरीभर उड्या मारल्या, तिनेच तारले.

"नाचता चांगले का?" मैनेने हे मात्र निल्सला इंग्रजीत विचारले.

"सुरुवातीला सगळ्यांचे पाय तुडवले," निल्स इमानदारीने म्हणाला. "नंतर चांगला."

मैना पहिल्यांदा मोकळेपणाने हसली. देवमनने सभेत पाहिलेला चेहरा तोच होता, पण तिथे तो हसला नव्हता.

तिघे ओसरीवर परतले तेव्हा पुंजाजी आणि जमादार चहा पीत होते. जमादारांनी रिवाजाप्रमाणे विचारले, "काय मग मैना, तुले पसंत हाये?"

मैनेने मान खाली घातली, पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाली, "तुमी म्हनसान तसं, बाबा."

जमादार गहिवरले. "पाहा पुंजाजीभाऊ. गरीब गाय हाये पोरगी आमची. तोंडातून शबद काढत नाई. कोनाच्या मनात काय चाललं हे मले चेहरा पाहूनच समजते. उगाच नाई पोलिसात जनम काढला."

"काय म्हणाले ते?" निल्सने विचारले.

देवमनने त्या दिवशी पहिल्यांदाच शब्दन् शब्द जसाच्या तसा भाषांतर करून सांगितला. निल्सने ऐकले, एकदा मैनेकडे पाहिले, एकदा जमादारांकडे पाहिले, आणि खुर्ची करकरेपर्यंत हसला.

"पाहा," जमादार समाधानाने म्हणाले, "पाव्हन्यालेबी पटलं."