दालन क्रमांक तीनमधले सहा शिल्लक पुरुष

कोणतीही सार्वजनिक इमारत ही आत गेलेले आणि बाहेर आलेले यांच्या समान संख्येवर उभी असते. विटा आणि सिमेंट हा नंतरचा भाग. सरकारी कलादालनाच्या दारावर बसून हे तत्त्व गेली एकतीस वर्षे ज्यांनी सांभाळले, त्यांना सगळे नोंदकाका म्हणत. काकांच्या वहीत (लाल कापडी पुठ्ठ्याची, दोरीने टेबलाला बांधलेली) दोन रकाने होते: आत आलेले आणि बाहेर गेलेले. त्यांत पुरुष किती, स्त्रिया किती, मुले किती, वस्तू किती. संध्याकाळी सहाला दोन्हीकडची बेरीज जुळली की काका पेनाला टोपण लावत. एकदा कुणाची छत्री आत राहिली होती, तर ती सापडेपर्यंत काकांना घास गिळवला नव्हता.

निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना दालन क्रमांक तीनमध्ये नवे प्रदर्शन लागले. भिंतींवर काहीच नव्हते. एक आरसा, एक स्टूल आणि एक कलाकार. कलाकार सकाळी दहाला चष्मा, चौकड्यांचा शर्ट आणि दोन दिवसांची दाढी अशा अवतारात येई, आरशासमोर बसे आणि लोकांच्या देखत सात तासांत बाई होई. बाई तरी कशी, तर फूटभर उंच केसांची, मोरपिशी झग्यातली, दालनातले दिवे उगाच लावलेत असे वाटायला लावणारी. मग त्या बाई मुख्य दारातून ऐटीत बाहेर पडत आणि बसने घरी जात. घराच्या उंबरठ्यापर्यंत कलाकृती चालू आहे, असे माहितीपत्रकात छापले होते. (माहितीपत्रक कुणी वाचले नव्हते. ते वाचायचे असते अशी तेव्हा कल्पना नव्हती.)

पहिल्याच संध्याकाळी काकांच्या वहीत एक पुरुष आत राहिला आणि न येताच एक बाई निघून गेली. शनिवारपर्यंत इमारतीत सहा पुरुष शिल्लक होते.

पुढचे सगळे नियमानुसार ओघाने आले. मुक्कामी असलेल्या सहा इसमांनी आग लागल्यास कोणत्या जिन्याने उतरावे, अशी अग्निशमन विभागाने विचारणा केली. पाणीपुरवठा विभागाने सहा माणसांचे पाणी मंजूर केले (दोन तासांत; एरवी दोन वर्षे लागतात). शोधपथकाने तळघर पिंजून काढले. तिथे एक जुना कोट सापडला, त्याला सातवा धरावा की काय यावर पथकात मतभेद झाले.

रविवारी काकांचे जेवणात लक्ष नव्हते. बायकोने खोदून खोदून विचारल्यावर त्यांनी सगळे सांगितले. ती पोटभर हसली.

"अहो, रोज सकाळी या घरातून शीळ घालत एक माणूस जातो आणि संध्याकाळी तोंड पाडून भलताच कुणीतरी येतो. एकतीस वर्षं तफावत आहे. मी कधी पथक बोलावलं?"

सोमवारी संचालकांनी काकांना केबिनमध्ये उभे केले. "आज सहापर्यंत ताळा जुळवा. नाहीतर प्रदर्शन बंद, आणि तुमच्या निवृत्तीच्या दाखल्यावर 'नोंदीत तफावत' असं लिहावं लागेल मला."

काका थेट दालन तीनमध्ये गेले. कलाकार दाढी करत होता.

"आजच्या दिवस जाताना तो शर्ट घालून जाल का? माझ्यासाठी?"

"काका, तुमच्यासाठी काहीही केलं असतं," गालावरचा फेस पुसत कलाकार म्हणाला. "पण मी शर्टात बाहेर पडलो, तर आत कोण राहिलं ते कुठं लिहिणार तुम्ही?"

काका तिथेच उभे राहिले आणि एक भुवई पूर्ण होईपर्यंत बघत राहिले. त्यांना ते फार आवडले. मग बायकोचे बोलणे आठवले, आणि खाली येऊन त्यांनी पट्टी घेऊन वहीत तिसरा रकाना आखला: 'आवारात झालेला बदल'.

रकाना एकासाठी उघडला की सर्वांना लागू होतो. त्या दिवशीची नोंद अशी:

आत आलेले: २१७. जसे आले तसे गेलेले: ९ (चार तान्ही मुले, चार पार्सले आणि एक समीक्षक, जे दारातूनच लेख लिहून गेले).

बायको शेजारी येताच चित्रकला समजू लागलेले नवरे: ६१.

मित्रांबरोबर येऊन खिदळलेले आणि नंतर एकटेच परत येऊन त्या आरशात स्वतःला न्याहाळून गेलेले: १७.

संचालक: येताना वाघ. वरून फोन येताच आवाज बारीक, मान खाली, खुर्चीतून अर्धे उठलेले. फोन ठेवताच पुन्हा वाघ. दिवसातून चौदा वेळा, प्रत्येकी दोन सेकंदांत. (कलाकाराला याच कामाला सात तास लागतात. अनुभवाचा फरक.)

नोंदकाका: पेन्सिलीने लिहिलेले, वाचता येत नाही.

बदलाची लेखी पूर्वसूचना दिलेले: १. कलाकार.

सहा वाजता संचालकांनी वही वाचली. स्वतःची ओळ दोनदा वाचली. "एवढी एक ओळ खोडता येईल का हो, काका?" त्यांनी बारीक आवाजात विचारले.

"पेनानं लिहिलंय, साहेब." काकांनी तिथल्या तिथे पंधरावी वेळ नोंदवली.

प्रदर्शन चालू राहिले. सहा शिल्लक पुरुष तिसऱ्या रकान्यात वर्ग झाले आणि ताळा जुळला. पाणी मात्र अजून येते.

निवृत्तीच्या दिवशी काका स्वतः स्टुलावर बसले. कलाकाराने त्यांच्या भुवया रेखल्या, मोरपिशी झगा चढवला आणि केस बसवले. काका मुख्य दारातून शीळ घालत बाहेर पडले आणि बसने घरी गेले. बायकोने दार उघडले, वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाली, "चला, आज सकाळचाच माणूस परत आला."

वही अजून दाराशी आहे, दोरीने बांधलेली. ही कथा वाचायला आत आलेल्यांची नोंद पहिल्याच ओळीला घेतली आहे; जाताना तिसरा रकाना तेवढा भरावा. 'काही बदल नाही' असे लिहायलाही हरकत नाही. मात्र ते कोणत्या आवाजात म्हणालात आणि कुणाला ऐकू जावे म्हणून, हे शेजारी नमूद करावे. पेनाने.