बिराजदार सरांची उतरवलेली तार

आमच्या इमारतीत बिराजदार सर गिटार वाजवायला बसले, की दोन मिनिटांत आम्ही सगळे अनवाणी रस्त्यावर असतो. ते वाईट वाजवतात म्हणून नव्हे. बरं वाजवतात की वाईट, हे ऐकायला अजून कुणी थांबलेलंच नाही.

आम्ही लातूरकर. भूकंपाला बरीच वर्षं झाली, पण आमच्या तळपायांना ते अजून पटलेलं नाही. माझी आई निलंग्याकडच्या एका खेड्यातली. तिथलं आमचं घर पडलं आणि वडील त्यात गेले. मी तान्हा होतो, रडत होतो म्हणून आई मला घेऊन दाराशी आली होती. एवढ्यावर आम्ही दोघं वाचलो. तेव्हापासून ती स्टीलचे तीन पेले एकावर एक पालथे रचून ठेवते. हल्ली ते फ्रिजवर असतात. जमीन हलली की पेले पडणार आणि पेले पडले की पळायचं. त्या दिवसाबद्दल ती याहून जास्त कधी बोलली नाही. सरांच्या जाड तारेमुळे हे पेले आठवड्यातून तीनदा पडतात.

सर एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. आमच्या गल्लीत घरांपेक्षा होस्टेलं जास्त, आणि होस्टेलातली निम्मी पोरं सरांच्या ‘तरंग आणि कंपन’ या धड्यावर डॉक्टर व्हायला निघालेली. चाळिशीचा माणूस, केसांना तेल, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन मार्कर. राहतात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, एकटे. खाली रिकामा फ्लॅट होता, तो दाखवला तर म्हणाले, “स्लॅबखाली झोप येत नाही मला.” या माणसाच्या गळ्यात ती काळी, दोन शिंगांची इलेक्ट्रिक गिटार आणि पायाशी कपाटाएवढा स्पीकर पाहिला की वाटतं, कुणाचं तरी सामान सांभाळायला घेतलं असेल.

“दुकानातून गिटार येते ती दुकानाच्या सुरात असते,” सर सांगतात. “तिला आपल्या सुरात उतरवावं लागतं.” मग ते खुंटी पिळून सगळ्यात जाड तार सैल करत नेतात. सैल केली की ती लोंबते, नुसती फडफडते. मग त्याहून जाड तार मागवायची आणि ती सैल करायची. मागच्या दिवाळीत आलेली तार बघून मी विचारलं, “सर, हिच्यावर कपडे वाळत घालायचे का?”

“घाला,” ते अगदी गंभीरपणे म्हणाले, “पण ओले नकोत. सूर बदलतो.”

असलं दणदणीत संगीत वाजवणारी मंडळी एखाद-दोन सूर खाली उतरतात म्हणे. आमचे सर तिथं कधीच पोचून पुढे निघाले होते आणि तोंडात एकच, “अजून जरा खाली.”

मी स्वभावानं भित्रा. सोसायटीचा सचिवही त्यामुळेच झालो, नाही म्हणायची भीती वाटली. त्या आवाजाचं काय सांगू? तो आधी कानात येतच नाही. फरशीतून तळव्यात येतो, तिथून गुडघ्यात. वर गिटार चालू आहे हे मला ठाऊक असतं. ठाऊक असूनही मी आईचा हात धरून जिन्यात असतो, कारण एखाद्या वेळी ती गिटार नसली तर?

खाली पोचून वर पाहावं, तर सर कठड्याशी, डोळे घड्याळावर. “एक मिनिट चाळीस! तळमजल्याच्या काकू कुठं आहेत? त्या तिघी रिपीटर मुली आल्या का?” मुली आलेल्या असत, परीक्षा पुन्हा द्यायची म्हणून उभ्या उभ्या केमिस्ट्रीच्या नोट्स वाचत असत. सगळी डोकी मोजून झाली की सर ओरडत, “घाबरू नका, फक्त कंपन आहे!” आणि आत जात. आम्ही त्यांचा उद्धार करत जिना चढायचो.

मग आईचं बिघडलं. पेले पडण्याआधीच ती दचकायला लागली. जेवण दाराशी, झोप दाराशी, तीही खुर्चीत बसून. रक्तदाब काही केल्या उतरेना. डॉक्टर म्हणाले, यांना भीतीपासून लांब ठेवा. मला हसावं की रडावं कळेना. शेवटी बैठक भरली आणि ठरलं की रविवारपर्यंत एकतर गिटार जाईल, नाहीतर सर. पत्र द्यायचं सचिवानं.

रविवारी दुपारी मी पत्र घेऊन निघालो तर आई मागे उभी. “म्या बी येते,” म्हणाली. या इमारतीत ती कधी आमच्या मजल्याच्या वर गेली नव्हती. दर पायरीला भिंत चाचपत आली.

सरांनी पत्र वाचलं, नीट घडी घातली. “गिटार सोडता येणार नाही. मीच जातो,” ते म्हणाले. “फक्त कुठं पत्र्याची खोली असेल तर सांगा. आता सगळीकडे स्लॅबच झालेत.”

“कामून वाजवताव ओ सर असलं?” आई म्हणाली. “आमचा जीव जायलालाय की.”

सर बोलले ते क्लासमधलं मराठी नव्हतं.

“तो आवाज सापडंना, काकू. हलायच्या आधीचा. म्या दहा वर्षांचा होतो. पहाटं धाकटी बहीण उठली. दादा, काय वाजायलंय, म्हणली. म्या म्हणलं, ट्रक हाय, झोप. झोपली ती.” त्यांनी पत्राची घडी पुन्हा घातली. “दुपारी ढिगाऱ्यातनं दोघांनाबी काढलं. जित्ता म्या एकलाच. तवापासून बघायलोय, तो आवाज खरंच ट्रकावानी होता, का झोपंच्या आळसात म्या कायबी बोललो.”

मला ते पत्र परत घ्यावंसं वाटलं. आई खाटेवर बसली.

“वाजवा,” ती म्हणाली.

“आई, नको.”

“तू गप बस. वाजवा ओ सर.”

तार वाजली. डोक्यावरचा पत्रा थरथरला. आईनं डोळे मिटून माझं मनगट धरलं. मला पळायचं होतं. तिनं धरलं नसतं तर मी पळालोही असतो.

“न्हाई,” आई म्हणाली. “ह्याच्या खालचा होता.”

सरांनी खुंटी पिळली. आई मान हलवत राहिली, सर पिळत राहिले. शेवटी सूर म्हणावा असा काही उरलाच नाही, नुसती घरघर, जमिनीत कुठंतरी लांबून येणारी. आईची नखं माझ्या मनगटात रुतली. खाली जिन्यात लोकांची धावपळ ऐकू आली.

“हां,” ती म्हणाली. “हाच.”

सरांनी तारेवर तळहात दाबला. “ट्रकावानी... हाय का ओ, काकू?”

“हाय की,” आई म्हणाली. “ह्याचा बाप उठून बसला होता. काय वाजायलंय, म्हणला. म्याच म्हणलं, ट्रक हाय, झोपा.”

हे तिनं आजवर मलाही सांगितलं नव्हतं.

सर तिच्याकडे बघतच राहिले. “तुमीबी?”

“म्याबी, लेकरा,” आई म्हणाली.