अंड्यातला सावळागोंधळ

उबवणी केंद्राचे नवे प्रमुख रुजू झाले तेव्हा केंद्राबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती, आणि हीच त्यांची पहिली तक्रार होती. टेबलावरची पट्टीसुद्धा ते दुसऱ्या पट्टीने सरळ करत, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना काटकोनसाहेब म्हणत. हुकत आलेली त्यांची बढती आता अंड्यांच्या येत्या खेपेवर अवलंबून होती.

खेपेमागून खेप पिल्लं निघत होती. दोन पाय, एक चोच, डोळे जागच्या जागी. साहेबांनी एक पिल्लू उलटंपालटं करून पाहिलं. "हे असंच निघावं, असा आदेश कुणाचा?"

केंद्राच्या पशुवैद्य बाईंनी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "आत कुणाचाच आदेश नसतो, साहेब. प्रत्येक पेशीत नुसती ढकलाढकली चालते. एखादी गोष्ट एक पेशी भाराभर बनवते, शेजारची चिमूटभर. सगळा योगायोगाचा कारभार."

"आणि तरी चोच समोरच येते?"

"येते ना! शेजारणी एकमेकींना सांभाळून घेतात. हिचं जास्त, तिचं कमी, मिळून बरोबर. शिवाय महत्त्वाचं काम दोन वाटांनी होतं. एक बंद पडली तर दुसरी असते."

साहेबांनी तिथल्या तिथे टिपून घेतलं. बेशिस्त, आपसांत संगनमत आणि एका कामाला दोन पदं! आजवरचं प्रत्येक पिल्लू नियमबाह्य निघालं होतं.

पेशींना परिपत्रक बजावता येत नाही असं कायदेशीर मत आलं, तेव्हा साहेबांनी हाताला लागेल तिथून सुधारणा सुरू केली. म्हशीला आजार आणि पखालीला इंजेक्शन, असं कुणीतरी म्हणालं, पण लेखी म्हणालं नाही. यंत्रांची ऊब पाहायला दोघी बहिणी होत्या. एकीची नजर चुकली की दुसरी ओरडायची, "ताई, तिकडचं तापलंय गं!" धाकटीला घरी पाठवण्यात आलं. थोरलीने यापुढे बोलू नये, लेखी कळवावं, असं ठरलं.

राहिली अंडी. ती दिवसातून अनेकदा हाताने फिरवत, कधी जरा कमी, कधी जरा जास्त.

"नेमका कोन मंजूर होईपर्यंत फिरवणं बंद."

"साहेब, फिरवलं नाही तर आतला जीव कवचाला चिकटतो," बाई कळवळून म्हणाल्या. "मरतो हो तो!"

"चिकटू दे. निदान एका जागी तरी राहील."

दिवस भरले. एरवी या दिवशी टकटक आणि चिवचिवाटात शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नसे. आज साहेबांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. थोरली बहीण तोंडावर हात धरून बाहेर गेली. बाईंनी एक अंडं कानाशी लावलं आणि सगळ्यांसमोर रडल्या.

साहेबही हादरले. बढती गेली, असंच त्यांनी धरलं. पण तपासणी समितीला पिल्लांशी कर्तव्य नव्हतं, एकरूपतेशी होतं. एकाही अंड्याने इतरांपेक्षा वेगळं काही केलं नव्हतं. "असा सारखेपणा मी उभ्या नोकरीत पाहिला नाही," अध्यक्ष भारावून म्हणाले.

बढतीवर काटकोनसाहेबांना आता प्रसूतिगृहांचा विभाग मिळालाय. आधी जुनी प्रकरणं निकाली काढणार आहेत. तुमचं नाक बरोबर मधोमध आहे, हे त्यांना कळलंय. ते कुणाच्या मंजुरीने तिथे आलं, याचा खुलासा तयार ठेवा. आणि ‘सगळ्यांचंच तिथे असतं’ असं मात्र सांगू नका. ती संगनमताची कबुली धरली जाते.